दत्तक देशाबाहेर जाताना

परदेशी दत्तक म्हटलं की गोरं जोडपं आणि त्यांच्या कडेवरचं सावळं मूल असं चित्र मनात येतं. गोव्यात हा विषय बहुतेकदा वेगळ्याच दारानं घरात शिरतो. समजा, पेडण्यातली एक बहीण. तिचा भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला कामाला गेलेला. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. बहिणीला तीन. धाकटा मामाकडे वाढेल, चांगला शिकेल, उद्या सगळ्यांनाच त्याचा आधार होईल. चवथीला भाऊ घरी आला की माटोळीखाली बसून हे ठरतं, देवापुढे नारळ ठेवला जातो, कोणी नोटरीकडून एक कागदही करून आणतं. मग व्हिसाचा अर्ज भरायची वेळ येते आणि कळतं, की नारळाला आणि त्या नोटरीच्या कागदाला तिकडे किंमत शून्य. कायद्याच्या हिशेबी मामा परदेशी नागरिक, भाचा भारतीय. हे आंतरदेशीय दत्तक झालं.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हेही ठाऊक असतं. पण या दोन गोष्टींची बेरीज आपल्याच घरातल्या मुलाच्या दत्तकावर येऊन आदळते, हे ऐन वेळेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ६० नं अशा नातलगांसाठी वेगळी वाट ठेवली आहे. काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच त्यात बसतात. चुलत मामा बसत नाही, मानलेला भाऊ तर नाहीच. इथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षानं मुलाच्या घरचा अहवाल करायचा, तिकडच्या देशातल्या यंत्रणेनं मामाच्या घरचा करायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश द्यायचा, आणि दिल्लीच्या ‘कारा’ने, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, ना-हरकत द्यायची. वेळ लागतो. ‘आमच्याच पोराला न्यायला आम्हालाच परवानगी?’ असा त्रागा वास्कोपासून डिचोलीपर्यंत ऐकू येतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

तरीही ही पुस्तिका त्या त्राग्याच्या बाजूनं लिहिलेली नाही. तिला परवानगीची बाजू मांडायची आहे, आणि ती का, हे कळायला गोव्याचाच इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

पोरक्या मुलांशी या भूमीचा व्यवहार जुना आहे आणि तो फारसा अभिमानानं सांगण्यासारखा नाही. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावे निघालेल्या फर्मानानं आई-बाप आणि आजी-आजोबा नसलेली हिंदू मुलं जुन्या गोव्यातल्या जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजकडे सोपवायची, म्हणजे ओघानं त्यांचा बाप्तिस्मा करायचा, असं ठरलं. काका-मामा जिवंत असले तरी ते मूल ‘पोरकं’च धरलं जाई, आणि नातलगांनी रातोरात मुलं खाडीपार नेऊन लपवण्याची पाळी त्यातूनच आली. त्याच काळात उलट्या दिशेनंही वाहतूक चालू होती. लिस्बनहून ‘राजाच्या पोरक्या मुली’ जहाजांतून गोव्यात धाडल्या जात. इथल्या पोर्तुगीज अंमलदारांशी त्यांची लग्नं लावून द्यायची, ही त्यामागची योजना. त्या मुलींनी कोणाला काही विचारल्याची नोंद कशाला कोणी ठेवील?

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगीजांकडे आले ते थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. इथल्या लोकांच्या रीतिभाती पाळण्याची हमी राज्यकर्त्यांना द्यावी लागली. देवळं राहिली, मराठी राहिली आणि दत्तकही राहिलं. पुढे १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमनाम्यानं गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींना कायद्याची चौकट मिळाली आणि मुलगा नसलेल्या हिंदूच्या दत्तकाला तिच्यात जागा मिळाली. ते दत्तक अर्थातच वंशासाठी, श्राद्धासाठी आणि वतनासाठी. घराला मुलगा हवा होता. मुलाला घर हवं आहे का, हा प्रश्न त्या कागदांत कुठेच येत नाही.

ख्रिस्ती घरांची अडचण वेगळी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तक नावाची गोष्टच नव्हती. पण घरात आणलेली मुलं होतीच. ‘पोसकें’ म्हणून वाढलेली ही मुलं घरातलीच म्हणवली जायची, जेवायची मात्र स्वयंपाकघरात. रोजारीला सगळ्यांबरोबर गुडघे टेकायची आणि म्हातारीची सेवा करता करता स्वतः म्हातारी व्हायची. वाटणीच्या वेळी त्यांचं नाव नसायचं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१७ मध्ये ‘पोसकें’ याच नावानं कादंबरी काढली तेव्हा ‘हे सगळं कशाला उकरायचं?’ अशी कुजबूज झाली. जी कुटुंबं एरवी आपल्या दानधर्माबद्दल भरभरून बोलतात, त्यांना हे बोचावं यात नवल नाही.

आणि मग मडगावचं प्रकरण. ‘गुरुकुल’ नावाचा अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. आश्रमातल्या मुलांचं लैंगिक शोषण होत होतं आणि परदेशी पर्यटकांना ती मुलं पुरवली जात होती. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. बाहेरून पाहणाऱ्यांना तो दयाळू ‘अंकल’ होता. या घटनेनं गोव्याला जो चटका बसला, त्यातूनच २००३ चा गोवा बाल कायदा आणि स्वतंत्र बाल न्यायालय आलं. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर सहा-सहा महिने राहणारी एखादी परदेशी बाई झोपडीतल्या मुलाला ‘मी घेऊन जाते, शिकवते’ म्हणाली, की आज गावातलं कोणीतरी पोलिसांना फोन करतं. बाई कदाचित खरोखर भली असेल. पण फोन करणाऱ्याचं काही चुकत नाही.

राजाचं फर्मान, वतनाचं दत्तक, पोसकें आणि गुरुकुल यांना एका माळेत ओवणं काहींना अन्यायाचं वाटेल. त्यांतला गुन्हा सारखा नाही, हे उघड आहे. पण चारही ठिकाणी मूल दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेसाठी हलवलं गेलं. आधुनिक दत्तक कायद्याची सगळी किचकट कलमं वाचताना एवढी एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली तर ती किचकट वाटत नाहीत.

भारतात मुलाचं हित आधी पाहण्याचं वळण आलं एका पत्रानं. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवलं, की समाजकार्याच्या नावाखाली भारतीय मुलं परदेशी पाठवली जात आहेत आणि त्यांचे हाल होत आहेत. तोवर देशात परदेशी दत्तकाचा कायदाच नव्हता. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली परदेशी जोडपं इथल्या न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश घ्यायचं, मूल विमानात बसवायचं आणि दत्तकविधान आपल्या देशात जाऊन करायचं. मधल्या काळात मूल ना इकडचं ना तिकडचं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेल्या निकालात त्याला नियम घालून दिले. आधी देशात घर शोधा, तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेकडूनच अर्ज घ्या, घराची पाहणी करा, मूल गेल्यावर अहवाल मागवा. त्यातूनच १९९० मध्ये कारा उभी राहिली. १९९३ च्या हेग करारावर भारतानं २००३ मध्ये मोहोर उठवली. दत्तकाचे आदेश पूर्वी न्यायालयं देत, १ सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत पहिला कागद कोणता, ते वर्तमानपत्रात दिसतं. निविदा, नावबदल आणि हरवलेल्या मार्कशीटच्या जाहिरातींच्या गर्दीत एक चौकोन असतो. त्यात एका बाळाचा, कॅमेऱ्याकडे न बघणारा, छपाईत काळवंडलेला फोटो. खाली अंदाजे वय, रंग, अंगावरची खूण, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडलं. पुढे ठरीव वाक्य, की जैविक पालकांनी किंवा नातलगांनी अमुक मुदतीत बाल कल्याण समितीशी संपर्क साधावा, अन्यथा बालकाच्या पुनर्वसनाची कार्यवाही करण्यात येईल. चहा पिता पिता आपण ते पान उलटतो. त्या मुलाच्या फाइलमध्ये मात्र हे कात्रण पहिल्या काही पानांत चिकटवलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांनी मिलानहून किंवा शिकागोहून आलेला एखादा तरुण ती फाइल उघडतो, तेव्हा त्याच्या आयुष्याचं पहिलं पान बहुधा हेच निघतं. म्हणून त्या चौकोनातली तारीख आणि जागा खरी असणं, एवढ्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

टाकून दिलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत समिती ते ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ ठरवते. आईनं स्वतः येऊन मूल स्वाधीन केलं असेल, तर तिला विचार बदलायला दोन महिने असतात. ही मुदत म्हणजे नुसता सरकारी वेळकाढूपणा, असं मूल मिळण्याची वाट पाहणाऱ्यांना वाटतं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यात, घरच्यांच्या दबावाखाली सही केलेल्या मुलीच्या जागी क्षणभर बसून पाहावं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, त्याला एकशे साठ वर्षं उलटली. तिथे येणाऱ्या बायकांची अगतिकता अजून नाहीशी झालेली नाही. पुढे फुले दांपत्यानंच तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन यशवंत म्हणून वाढवला. त्यांना वतन राखायचं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आता फायद्यांकडे येतो. मराठी वाचकाला सर्वांत जवळचं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. १३ ऑगस्ट १९७९ ला पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’ संस्थेत आली. तिथे तिचं नाव लैला ठेवलं होतं. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी सू यांनी तिला काही आठवड्यांची असतानाच दत्तक घेतलं. अमेरिका, केनिया असं करत कुटुंब ऑस्ट्रेलियात स्थिरावलं, आणि वडिलांनी घराच्या अंगणात हातात बॅट दिलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी हा दुहेरी टप्पा गाठणारी ती पहिली महिला. २०१३ चा विश्वचषक जिंकून ती निवृत्त झाली. आपण दत्तक आहोत हे तिनं कधी लपवलं नाही आणि मोठेपणी ती श्रीवत्समध्ये येऊनही गेली. मात्र लिसाची गोष्ट सांगताना लोक जो निष्कर्ष काढतात, की परदेशी गेली म्हणून सोनं झालं, तो मला खटकतो. दत्तक मुलांनी विश्वचषक जिंकायचे नसतात. त्यांना शाळेत डबा मिळावा, ताप आल्यावर कोणी उशाशी बसावं, एवढंच असतं.

खरा फायदा ज्या मुलांना होतो त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यांतली ४,१५५ भारतातच राहिली. म्हणजे देशाबाहेर गेलेली साधारण बारात एक. कोणती मुलं जातात? दुभंगलेल्या ओठाची, हृदयाला छिद्र असलेली, ऐकू न येणारी, पाच-सहा वर्षांपुढची, एकमेकांचा हात न सोडणारी तीन भावंडं. कायदा सांगतो की निरोगी लहान मूल आधी साठ दिवस भारतीय पालकांसमोर ठेवा. भावंडांच्या, मोठ्या किंवा अपंग मुलांच्या बाबतीत ही मुदत कमी आहे, कारण त्यांच्यासाठी इथून कोणी हात पुढे करत नाही, हा अनुभव आहे. इकडे देशातले हजारो पालक तीन-साडेतीन वर्षं यादीत थांबून आहेत आणि तिकडे संस्थांत मुलं आहेत. दोघांची गाठ पडत नाही, कारण यादीतल्या बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट मूल हवं आहे. ज्या मुलाला आपण नाकारलं त्याला अमेरिकेतलं, इटलीतलं, स्पेनमधलं, अगदी एवढ्याशा माल्टातलं जोडपं घेऊन जातं. मग ‘आपली मुलं परदेशी का पाठवता?’ म्हणून आपणच सभेत विचारतो. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण आधी कमवायला हवा.

पण म्हणून तिकडे गेलं की सगळं मंगल, असंही नाही. सात वर्षांचं मूल कोकणी-मराठी बोलतं, हातानं भात कालवून खातं, अंधाराला घाबरतं. एका रात्रीच्या प्रवासानंतर त्याच्या भोवतीच्या एकाही माणसाला त्याची भाषा येत नाही. संस्थेत वाढलेली कित्येक मुलं पोटभर जेवूनही पाव उशीखाली दडवून ठेवतात. नव्या आईला ती चोरी वाटली तर पहिली खडाखडी तिथेच. पुढे शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगतात. डॉक्टर विचारतात, घरात कोणाला मधुमेह आहे का? आणि रस्त्यावर कोणीतरी विचारतंच, तू मूळचा कुठला? घरी प्रेम भरपूर मिळालेल्या मुलांनाही हे प्रश्न चुकत नाहीत.

काही प्रकरणं याहून फार भीषण आहेत. बिहारमधून टेक्सासला दत्तक गेलेली तीन वर्षांची मुलगी २०१७ मध्ये मृतावस्थेत सापडली आणि २०१९ मध्ये तिच्या दत्तक पित्याला जन्मठेप झाली. ते कुटुंब भारतीय वंशाचं होतं. तेव्हा ‘आपल्या माणसाकडे जातंय’ हीसुद्धा पुरेशी खात्री नव्हे, हे स्विंडनच्या मामांच्या बाबतीतही ध्यानात ठेवलेलं बरं. दुसरं उदाहरण मुंबईहून १९८९ मध्ये अमेरिकेत गेलेल्या एका मुलीचं. तिच्या नागरिकत्वाचे कागद कोणी पुरेच केले नाहीत. मोठेपणी एका गुन्ह्यात ती सापडली आणि २००८ मध्ये तिला भारतात परत पाठवलं गेलं. नवरा-मुलं तिकडे, आणि इथे ना भाषा, ना घर, ना ओळखीचं माणूस.

पैशाचं काय? परदेशी पालकांकडून इथल्या संस्थेला ५,००० डॉलर मिळतात. देशी पालकांकडून मिळणारी रक्कम त्याच्या कितीतरी खाली असते. हा फरक आहे तोवर मोह आहे. पुण्याच्या प्रीत मंदिर संस्थेवर २०१० मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला तेव्हा महाराष्ट्रानं ते जवळून पाहिलं. संगणकावर एकच देशव्यापी यादी आणून क्रमानंच मूल दाखवण्याची पद्धत त्यानंतर आली. तिला ‘भावनाशून्य’ म्हणणाऱ्यांनी आधीची भावनाप्रधान पद्धत काय करत होती, ते जरूर वाचावं.

बाहेर तर आता दारंच मिटू लागली आहेत. नेदरलँड्सनं २०२१ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आल्यावर परदेशी दत्तक तात्पुरतं थांबवलं आणि २०२४ मध्ये ते टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. चीननं २०२४ मध्ये नातलगांखेरीज परदेशी दत्तक बंद केलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं २०२५ मध्ये कबूल केलं, की मुलं पाठवण्याच्या घाईत खोट्या नोंदी झाल्या. आई-बाप असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं गेलं. भारतानंही हेच करावं का? माझं मत नाही असं आहे. ज्या मुलाला इथे कोणी घेत नाही, त्याला तत्त्वासाठी अठराव्या वर्षापर्यंत संस्थेच्या खाटेवर ठेवणं हे मुलाच्या हिताचं कसं, ते मला कोणी पटवून दिलेलं नाही. पण कोरियाच्या अहवालातला ‘खोट्या नोंदी’ हा भाग मात्र आपल्यालाही लागू आहे.

अरुण डोहले १९७३ मध्ये पुण्यात जन्मले आणि तान्हेपणीच जर्मनीत गेले. वाढले सुखात. मोठेपणी आईचा शोध घ्यायला पुण्याला आले तेव्हा संस्थेनं कागद दाखवायला नकार दिला. वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्यावर २०१० मध्ये त्यांना आई भेटली. आज ते दत्तक व्यवस्थेचे कडवे टीकाकार आहेत आणि त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. कागद मुलाचा असतो, हे त्यांचं म्हणणं मात्र पटतं. आजच्या नियमांत अठरा वर्षांवरच्या दत्तक व्यक्तीला स्वतः मुळांचा शोध मागता येतो. जन्मदात्रीनं स्वाधीन करताना गुप्तता मागितली असेल तर तिची संमती लागते. दोघांच्या हक्कांची ही ओढाताण कोणत्याही कलमानं सुटायची नाही. इथल्या एखाद्या खेड्यात आता नातवंडांत रमलेली बाई असेल, जिच्या घरात त्या बाळंतपणाची कोणालाच माहिती नाही. तिच्या दारात टॅक्सी थांबवण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

पुढच्या पानांत अर्ज कसा करायचा, कोणते अहवाल लागतात, नातलगांच्या दत्तकाची वाट कशी आहे आणि मूल गेल्यावर दोन वर्षं कोणते अहवाल यायला हवेत, हे क्रमानं दिलं आहे. वाचणाऱ्याला वेळ नसेल तर त्यानं एवढं तरी करावं. सुईण, नर्स, पाद्री, भटजी, राजकारणी यांपैकी कोणीही ‘एक बाळ आहे, परस्पर घेऊन जा’ म्हणालं तर घेऊ नये आणि देऊही नये. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. १०९८ ला फोन करावा, तो फुकट लागतो. परदेशातल्या भावासाठी भाचा द्यायचा असेल तर चवथीच्या गर्दीत ठरवू नये. मुलगा सहा-सात वर्षांचा असेल तर त्याला विचारावं, आणि तो ‘नको’ म्हणाला तर तिथेच थांबावं.